बारावी ओळ

ज्वारीला किडे कसे लागतात हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. सोंडे म्हणतात त्यांना. मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी आतून दाणा खात वाढते, शेवटी तिचा किडा होतो आणि नुसतं टरफल मागे ठेवून बाहेर पडतो. तोवर बघणाऱ्याला पोतं भरलेलंच दिसतं.

धुळ्यातल्या एका संशोधन प्रकल्पात मी सहा वर्षं हेच काम केलं. गावोगाव हिंडून किडे मोजले. प्रकल्पाचं नाव लांबलचक होतं, पण हेतू साधा होता: घरात पिकलेलं धान्य घरातच राहावं, किडू नये, आणि घराला वर्षभर पुरावं. काम चांगलं होतं. आजही मी तेच म्हणेन. पुढचं वाचून कामाला नावं ठेवू नका, ठेवायची असतील तर मला ठेवा.

प्रयोग असा होता. प्रत्येक घरी धान्याच्या दोन जागा. एक घरची पत्र्याची कोठी, राख आणि कडुनिंबाचा पाला घातलेली. तिच्यातलं धान्य रोज खायचं. दुसरी आम्ही दिलेली हवाबंद पिशवी. तिच्यात ज्वारी त्याच घरची, त्याच शेतातली. पिशवीचं तोंड पिळायचं, दुमडायचं, पिवळ्या दोरीने आवळायचं आणि वर नंबर असलेलं सील लावायचं. फाल्गुनात बांधायची, दिवाळी झाल्यावर उघडायची. मधे उघडली तर आत हवा जाणार, हवा गेली की किडे जगणार, आणि किडे जगले की आमचा प्रयोग मेला.

दर महिन्याला मी प्रत्येक घरी जायची. कोठीत हात घालून मूठभर नमुना घ्यायचा, किडे मोजायचे, पिशवीचं सील तपासायचं आणि फॉर्म भरायचा. धुळ्याच्या देवपुरातून सकाळी सातची एसटी, संध्याकाळी परत. उन्हातान्हात तंगडतोड. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

सुरुवातीला संमतीपत्रक वाचून दाखवावं लागे. बारा ओळींचं होतं. अकरा ओळींत काय करायचं आणि काय करायचं नाही ते होतं. बारावी ओळ अशी: कुटुंब कधीही, कारण न सांगता, प्रयोगातून बाहेर पडू शकतं, धान्य कुटुंबाच्याच मालकीचं राहील आणि गरज पडल्यास केव्हाही वापरता येईल.

पहिल्या गावात मी बाराही ओळी वाचल्या. परिणाम काय? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तीन घरांनी पिशव्या फोडल्या. लेकी माहेरी आल्या होत्या, लेकरंबाळं घेऊन. घरात ज्वारी बांधून ठेवायची आणि लेकींना काय वारा खाऊ घालायचा? मला ते पटलं होतं. प्रकल्प चालवणाऱ्या आमच्या सरांना नाही पटलं. तीन घरं गेली म्हणजे तेवढे आकडे गेले. सर मला म्हणाले, "अहो, ती शेवटची ओळ कागदासाठी असते, तोंडासाठी नाही. कागदावर आहे ना? मग झालं."

मी कंत्राटावर होते. दर मार्चला माझं पुढचं वर्ष ठरायचं. पुढच्या वर्षी, दुसऱ्या गावापासून मी अकराव्या ओळीला थांबायला लागले. कुणी दटावून तसं करायला लावलं नाही. मीच शहाणी झाले.

अक्का मला त्या दुसऱ्या गावात भेटली. गाव शिंदखेड्याच्या बाजूचं, पांझरेच्या काठाने जाणाऱ्या रस्त्यावरचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन बिघे कोरडवाहू जमीन, मुलगा सुरतेला कापडाच्या गिरणीत. घरी ती आणि नुकतीच लग्न होऊन आलेली सून. सून दहावी झालेली, बोलायला कमी, पण मी फॉर्म भरताना माझ्या खांद्यावरून काय लिहिते ते वाचायची. मला तिचं कौतुक वाटायचं. एकदा म्हटलंही, "अगं, माझी नोकरी घेशील तू."

त्या वर्षी अक्काची दादर ज्वारी थोडी आली होती. कोठीत सगळी घातली असती तर दोघींना नवी बाजरी येईपर्यंत कशीबशी पुरली असती. आमच्या पिशवीला त्यातली निम्मी लागत होती. अक्का जरा घुटमळली. मग मी माझं सगळं शिक्षण पणाला लावलं. म्हटलं, अक्का, कोठीतलं दरवर्षी निम्मं किडेच खातात ना? मग निम्मं नीट राहिलं तर तुमचं नुकसान काय? दिवाळीला दाणा अन् दाणा काढून घ्या. फक्त एक करा, काहीही झालं तरी मधे उघडायची नाही.

"काहीही झालं तरी" हे शब्द माझे होते. पत्रकात नव्हते.

अक्काने अंगठा उठवला. शाई पदराला पुसली आणि म्हणाली, "ताई, तू कायजी करू नको. तुनी ठेव शे. मी डोयामा तेल घालीसन राखसू."

मी हसले. ठेव माझी कुठली, तुमचीच आहे, असं म्हणायला हवं होतं. सातची एसटी धरून आलेले होते, अजून चार घरं व्हायची होती. पत्रकाची एक प्रत सुनेच्या हातात दिली आणि निघाले.

पुढच्या महिन्यात गेले तर पिशवी देवघराशेजारी पाटावर ठेवलेली. जुनं लुगडं गुंडाळलेलं, त्यावर हळदकुंकू. उंदीर लागू नये म्हणून चारी बाजूंनी विटा. चाळीस घरांत अशी निगा कुणी राखली नव्हती. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. सर खूष झाले.

आषाढात कोठीचा तळ जवळ यायला लागला. नमुना घ्यायला मला खांद्यापर्यंत हात आत घालावा लागला. मुठीत आलेल्या दाण्यांत किडे भरपूर होते. मी ते एक एक मोजले, भोकं पडलेले दाणे वेगळे मोजले, टरफलं वेगळी. फॉर्ममध्ये कोठीत धान्य किती उरलंय याचा रकाना नव्हता. रकाना नव्हता म्हणून मी लिहिलं नाही, आणि लिहायचं नव्हतं म्हणून मी पाहिलं नाही. खरंच पाहिलं नाही. हात खांद्यापर्यंत आत गेला होता, तरी डोक्यात उजेड पडला नाही.

श्रावणात गेले तेव्हा सुनेला दिवस गेलेले दिसत होते. अक्काने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. "एक भाकर खाई ले, मंग जाय." शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि गरम भाकर. मी म्हटलं, ये गं तूही बस. सून भिंतीला टेकून होती. म्हणाली, "आज मना सोमवार शे."

त्यानंतरच्या आठवड्यात मला दुसऱ्या घरासाठी पुन्हा त्या गावात जावं लागलं. जाता जाता अक्काकडे डोकावले. त्या दिवशी शनिवार होता, आणि सुनेचा शनिवारही होता. मी तिची थट्टा केली. "किती उपास करतेस गं? देव कंटाळेल तुला. पोटुशीने असे उपास करू नयेत." ती हसली. अक्काही हसली. मला पुन्हा भाकर वाढली, आणि मी ती खाल्ली.

मला नंतर कळलं की ते पीठ शेजारचं होतं, उसनं आणलेलं, फक्त माझ्यासाठी.

रेशनचं काय, असं कुणीही विचारेल. मी आधी विचारायला हवं होतं. कार्डावर अक्का आणि मुलगा, सुनेचं नाव अजून चढायचं होतं. मुलगा सुरतेत. आणि अक्काचा अंगठा दुकानातल्या मशीनला ओळखू येईना. जन्मभर कापूस वेचून, निंदणी करून त्यावरच्या रेषाच गेल्या होत्या. माझ्या कागदावर मात्र तो अंगठा शाईने व्यवस्थित उमटला होता. त्यातच आषाढात सुरतेला मुलाच्या पायावर कापडाचा गठ्ठा पडला. तो तिथेच खोलीवर पडून राहिला, त्याचीच जेवायची पंचाईत, तो इकडे काय पाठवणार? श्रावणात पावसाने दडी मारली आणि बाजरी करपली. हे सगळं एका ओळीत सांगितलं की मोठं संकट वाटतं. तिथे ते एकेक करून, काही न बोलता आलं.

गावात त्याच सुमारास एक भानगड उघडकीला आली. अक्काच्या शेजारच्याने आपली पिशवी केव्हाच उघडली होती. घरात पोरं चार, कोठी रिकामी, तो काय करणार? बाजारातून तसलीच पिवळी दोरी आणून त्याने पिशवी परत बांधली होती. सील मिळालं नाही म्हणून मेणबत्तीचं मेण थापलं होतं. सरांनी ते पाहिलं आणि भर गल्लीत त्याचा पाणउतारा केला. "खोटारडी माणसं तुम्ही. तुमच्यासाठीच करतोय ना आम्ही हे?" तो खाली मान घालून उभा राहिला. मग सर अक्काच्या दारात गेले, पिशवी पाहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिच्याकडून शिका. याला म्हणतात शब्द."

अक्काची मान ताठ झाली. मी तिथेच होते. मलाही बरं वाटलं.

त्या लबाडाची चारही पोरं आज धडधाकट आहेत.

भादव्यात गेले तर कोठी अंगणात उपडी घातलेली. मी विचारलं तर अक्का म्हणाली, "धोई टाकी. आते नवी बाजरी येई ना." बाजरी करपली होती हे मला येताना रस्त्यातच दिसलं होतं. दोन्ही गोष्टी माझ्या डोळ्यांपुढे होत्या, मी त्या एकमेकींशेजारी ठेवल्या नाहीत. फॉर्मवर लिहिलं: नमुना उपलब्ध नाही. खाली दुसऱ्या रकान्यात: सील शाबूत. सून आत झोपली होती. बरं नाही म्हणाली अक्का. मी म्हटलं, आराम करू द्या.

त्यानंतर पंधरा दिवसांनी ती बाळंत झाली, सातव्या महिन्यात. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं होतं. मुलगा झाला. मला हे आश्विनातल्या फेरीत कळलं. अक्का ओट्यावर बसली होती. मी चपला काढतेय तोच म्हणाली, "तीन दिन ऱ्हायना. देवनी दिधा, देवनीच लई लिधा." डॉक्टर म्हणाले होते आईच्या अंगात रक्तच नाही.

मी तिच्याजवळ बसले. पाठीवरून हात फिरवला. जे बोलतात ते बोलले. सून आत चुलीपुढे बसली होती, चूल पेटलेली नव्हती. मग उठले, देवघराजवळ गेले, लुगडं बाजूला सारलं आणि सील तपासलं. माझ्या हातांना ती सवय लागली होती. शाबूत होतं. मी तसं लिहिलं.

हे आठवलं की मला माझी किळस येते. शब्द जड आहे, पण दुसरा नाही.

दिवाळी झाली. पिशव्या उघडायचा दिवस ठरला. सरांनी अक्काचंच घर निवडलं. जीप आली, फोटो काढणारा आला, गावातली पंचवीसएक माणसं अंगणात जमली. पिशवी उचलून अंगणात आणली. सील कापलं, दोरी सोडली. सरांनी दोन्ही हात आत घातले आणि ज्वारी वर काढली. दादरचा दाणा, मोत्यासारखा. मी नमुना पांढऱ्या ताटात पसरला आणि मोजायला बसले. एकही जिवंत किडा नाही. भोक पडलेला दाणा नाही. फाल्गुनात जेवढी आत गेली होती तेवढीच तोलून बाहेर आली. चाळीस घरांतली सगळ्यात चांगली पिशवी. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

अक्का बाजूला उभी होती. टाळ्या थांबल्यावर पुढे आली, ज्वारीवर हात ठेवला आणि मला विचारलं, "ताई, आते हाई जवारी आमनी शे ना?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला, आणि उपडी घातलेली कोठी, करपलेली बाजरी, सोमवार, शनिवार, सगळं एकदम एका जागी आलं. ती माझ्याकडे बघत होती. तिच्या तोंडावर राग नव्हता, शंका नव्हती. काम नीट पार पडलं की माणूस विचारतो तसं तिने विचारलं होतं.

तुमचीच होती, अक्का. पहिल्या दिवसापासून तुमची होती. कधीही उघडता आली असती. एवढंच बोलायचं होतं. पण ते बोलले असते तर तिने त्यापुढचा हिशोब लगेच केला असता, आणि तो हिशोब घेऊन तिला त्याच घरात राहायचं होतं, त्याच सुनेसमोर. मी म्हटलं, "हो अक्का. आता तुमची."

ते दयेने म्हटलं की भित्रेपणाने, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुतेक भित्रेपणानेच.

निघताना अक्का म्हणाली, ताईची ओटी भरल्याशिवाय जायचं नाही. ती विधवा, म्हणून स्वतः मागे राहिली आणि सुनेला पुढे केलं. तांदूळ घरात नव्हते. सुनेने मला कुंकू लावलं, मी पदर पसरला, आणि ती त्याच ज्वारीच्या ओंजळी त्यात घालायला लागली. ती वाळली होती, मनगटातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या. बाकीचे जीपकडे गेले होते. खाली बघतच ती हळू आवाजात बोलली.

"ताई, कागदवरली शेवटली ओळ मी वाचेल व्हती."

पदरात चौथी ओंजळ पडली.

"सासूबाईले सांगं बी. आषाढमाच. म्हटलं, आपलीच शे, उघडी लेऊत. त्या म्हनन्यात, ताईनी बाकीनं बठ्ठं वाचं, तेच तेवढं वाचं नही. म्हनजे ते आपलासाठे नही."

पाचवी ओंजळ घातली, वाकून मला नमस्कार केला. मी तिला उठवलंही नाही. नुसती पदर धरून उभी राहिले.

अहवालात आमचे निष्कर्ष चांगले आले. सील शाबूत राहिलेल्या घरांत धान्याचं नुकसान जवळजवळ नव्हतंच. मुखपृष्ठावर अक्काचा फोटो छापला, ज्वारीवर हात ठेवलेला. ती पद्धत आज कित्येक गावांत वापरतात आणि ती खरोखर चांगली आहे. मी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, एका घरावरून असं कारण लावता येत नाही, रक्त कमी असायला दहा कारणं असतात. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर होतं. मीच कुणी दुसरी असते तर तेच म्हणाले असते.

मी अजून याच कामात आहे, दुसरीकडे. कुठलंही पत्रक असो, मी आधी शेवटची ओळ वाचते, दोनदा वाचते, समोरच्याकडून वदवून घेते. घरं गळतात. गळू देत. त्या गावात मात्र मी पुन्हा गेले नाही. जायला हवं होतं.

ओटीतली ज्वारी त्या दिवशी देवपुरात घरी आणली. दोन दिवस डब्यात तशीच ठेवली. टाकून द्यायचं धाडस नव्हतं, कुणाला द्यावी तर काय सांगून देणार? तिसऱ्या दिवशी गिरणीतून दळून आणली. दोन वेळच्या भाकरी झाल्या. एकटीच बसून खाल्ल्या, तुकडासुद्धा उरवला नाही. आठ महिने बांधून ठेवलेली ज्वारी, पण वास नाही, कडूपणा नाही, कालच खळ्यातून आणल्यासारखी. भाकर गोड लागली. तेवढी तरी कडू लागायला हवी होती.